सुदाम भाऊजींचा तांबडा मेघ

अंगणातला हॅलोजन लावला रे लावला, की सुदाम भाऊजी दारात हजर. "वहिनी, तेवढा लाईट घालवा की. आभाळ लई मोकळं हाय." हे माझे धाकटे दीर. आता ते नाहीत, म्हणून जरा सांभाळून लिहायला हवं. पण जमेल असं वाटत नाही. कळंबला त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि राहायचे आमच्या मळ्यात, गोठ्याशेजारच्या खोलीत. भोवती सगळा ऊस आणि उसात बिबट्या. इकडे अंगणातला दिवा कोणी घालवत नाही. पण यांना मृग नक्षत्राजवळच्या कुठल्याशा तेजोमेघाचा फोटो काढायचा होता आणि माझा दिवा त्याच्या आड येत होता.

"तुमचा मेघ काय पळून चाललाय का?" मी विचारायचे.

"न्हाई, पर उन्हाळ्यात दिसायचा न्हाई." असल्या माणसाशी काय बोलणार?

सामान म्हणाल तर भंगारवाल्यानेही परत दिलं असतं. दाराच्या बिजागरीला खेळण्यातली मोटर लावून तिच्यावर कॅमेरा बसवलेला. तो ताऱ्यांच्या मागे हळूहळू सरकायचा. मेघाचा लाल उजेड टिपता यावा म्हणून त्यांनी कॅमेऱ्यातली एक काच काढून टाकली, आणि तोच कॅमेरा घेऊन माझ्या लेकीच्या हळदीला उभे राहिले. सगळं वऱ्हाड लालभडक. मी संतापले, तर म्हणतात, "म्हंजी काच बरुबर निघाली म्हणायची."

एका हिवाळ्यात त्यांच्या कटकटीला वैतागून मी जेवणानंतर दिवा घालवला. सकाळी आमच्या कपिला गाईची कालवड दाव्याला नव्हती. उसाच्या कडेला सापडली, अर्धी. भाऊजी बघून आले. दुपारी मंचरहून आणखी एक हॅलोजन आणून त्यांनी स्वतः गोठ्यावर लावला. मी त्या विषयावर त्यांच्याजवळ चकार शब्द काढला नाही.

वाटलं, खूळ गेलं. कसलं जातंय? पुढच्या हिवाळ्यात त्यांनी एक फिल्टर मागवला. "ह्यातनं मेघाचा लाल उजेड तेवढा आत येतो. तुमचं हॅलोजन ऱ्हाऊ द्या जळत." पण आत येणारा उजेड इतका थोडा, की कितीतरी संध्याकाळी फोटो काढत बसायचं आणि मग ते सगळे एकावर एक रचायचे. बिबट्याच्या भीतीने भाऊजी कुत्र्याच्या लोखंडी पिंजऱ्यात खुर्ची टाकून बसत. कुत्रं घरात, माणूस पिंजऱ्यात. चहाचा कप मी गजांमधून द्यायचे आणि येणारे-जाणारे हसायचे.

अखेर फोटो झाला. मोठा करून आणला. काळ्यावर तांबडं, फुलासारखं काहीतरी. मी म्हटलं, बैठकीत लावा. तर हे गोठ्यात, कपिलेच्या समोर खिळा ठोकायला लागले.

"गाईला काय कळतंय त्यातलं?" माझा आवाज चढला.

त्यांनी हातोडा खाली ठेवला. "वहिनी, कालवड गेली त्या राती ढग आलं व्हतं. फोटो निघालाच न्हाई. मी झोपाय गेलो, अन् लाईट लावा म्हणून तुमाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

मग मात्र माझा तोल सुटला. वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर पडलं. पोटभर बोलले, रडले, पुन्हा बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी थांबल्यावर म्हणाले, "बरं झालं. उठता-बसता मला बोलता, पर ह्याच्यावर कवा बोलला न्हाई. वरीसभर वाटत व्हतं, तुमी मला परकं केलं."