सारवायची राहिलेली जागा

चंद्रभान मास्तर कादंबरी लिहितात हे झरीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती वाचायची इच्छा कुणालाच नव्हती. गावाचं काही चुकत नव्हतं म्हणा. दोनशे पानं झाली तरी नुसत्या तोफाच धडाडत होत्या. एकाहत्तरची लढाई लढून आलेला हा माणूस. पण लिहायला बसला की शत्रू पटापट मरत, आणि आपला जवान मरता मरता अर्धं पान भाषण ठोकी. वाचताना खुद्द मास्तरालाच जांभई येई.

खरी गोष्ट बोरीत होती. तिथं कस्तुराबाई राहायची, भुजंगची आई. भुजंग आणि चंद्रभान एकाच दिवशी पलटणीत भरती झालेले. नदी ओलांडताना भुजंग चंद्रभानच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेला, तो वर आलाच नाही. सरकारी तारेत ‘बेपत्ता’ एवढंच होतं. सगळं सांगायचं ठरवून चंद्रभान तिच्या दारात गेला, तर तिनंच आधी विचारलं, “माझा भुजंग मागून यायलाय ना रे?”

“येईल की, मावशी,” याच्या तोंडून निघून गेलं.

झालं! त्या एका शब्दावर पाच वर्षं गेली. पलटण सुटली, शाळेत नोकरी लागली, पण दर रविवारची बोरीची एस.टी. काही सुटली नाही. ना आई, ना बायको, जगात त्याला “जेवलास का?” म्हणून विचारणारं ते एकच माणूस. खरं सांगितलं तर तेही तुटेल, या धास्तीनं तो गप्प राहिला.

घरचं माणूस गावाला गेलं की ते पोचेपर्यंत मागं केर काढू नये, अशी जुनी रीत. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर कस्तुराबाईनं घरातले देव सोडले, ही रीत मात्र सुटली नाही. पडवीत भुजंगच्या अंथरुणाची जागा तेवढी सोडून ती सगळं घर सारवी. एका रविवारी तिथंच चंद्रभानचा पाय मुरगळला. खाली बघतो तर सारवून सारवून भोवतालची जमीन बोटभर वर आलेली, आणि तेवढा कोपरा खालीच राहिलेला.

झरीला येऊन त्यानं दोनशे पानं चुलीत घातली. नव्या कादंबरीत एकही गोळी सुटली नाही. लढाईचं नाव नाही, मुलाचंही नाव नाही. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक बाई घर सारवते, एक कोपरा सोडते, आणि जमीन कणभर वर चढते. शेजारणी येतात, पाऊसपाण्याचं, लग्नकार्याचं बोलतात. कोपऱ्याचा विषय कुणी काढत नाही. शेवटच्या प्रकरणात बाई तो कोपराही सारवून टाकते. तोंडानं जे सांगवलं नाही ते त्यानं असं लिहिलं.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात चार रविवार त्यानं ते कस्तुराबाईला वाचून दाखवलं. ती तूर निवडत ऐकायची. शेवटच्या पानावर तिचा हात सुपातच थांबला.

“त्या बाईनं कोपरा काहून सारवला?”

चंद्रभाननं वही मिटली.

“तिला कुणी सांगितलं का?”

“न्हाई, मावशी. ज्याला ठाव होतं त्यानं न्हाई सांगितलं.”

ती रडली नाही. “पाच वर्सं माझ्या ताटात जेवलास रे,” एवढंच म्हणाली. मग उठली, घमेल्यात शेण आणि पांढरी माती कालवून त्याच्यापुढं ठेवली. “तूच सारव. माझ्यानं न्हाई व्हायचं.”

त्यानं बाह्या सारल्या. आधी खळगा मातीनं भरला, मग वरून हात फिरवला. कधी सारवलेलं नव्हतं, बोटांचे फराटे वेडेवाकडे उठले. भुजंगसाठी तो पाच वर्षांत पहिल्यांदाच रडला, तेही पाठमोरा. कस्तुराबाई दारात बसून बघत होती. निघताना तिनं त्याच्या हातावर पाणी घातलं.

“पुढच्या आयतवारी येऊ नको,” ती म्हणाली.

“मग कवा येऊ, मावशी?”

तिनं रिकामं घमेलं उचललं आणि आत गेली.

पुढच्या रविवारी चंद्रभान धुतलेला सदरा घालून झरीच्या थांब्यावर आला. बोरीची गाडी आली. कंडक्टर ओळखीचा, त्यानं दार उघडून धरलं, “चला मास्तर, जागा हाय,” म्हणाला. चंद्रभाननं मान हलवली. गाडी गेली तरी तो तिथंच उभा होता, आणि दुपार झाली तरी तो जेवला की नाही हे त्याला कुणी विचारलं नाही.