मस्त म्हंजे काय

खचलेल्या माणसाला उभं कसं करायचं, हा माझ्या व्याख्यानांचा विषय. बुलढाण्यात माझे क्लासेस आहेत, पण जिल्हाभर लोक मला ओळखतात ते या व्याख्यानांमुळे. नांदुऱ्याला, पिंपळगाव राजाला, कुठल्याही शाळेत मी बोललो की मुलं रडतात आणि मग टाळ्या वाजवतात. कुठं थांबायचं, आवाज कुठं खाली आणायचा, सगळं माझं पाठ आहे. परत गाडीत बसलो की मात्र काहीच वाटत नाही. आपल्याला भूक लागलीय का, हेसुद्धा कळत नाही.

माझे वडील देऊळघाटला भाजीपाला पिकवायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी भेटायला गेलो तेव्हा मोठा भाऊ मळ्यात होता. ओसरीवर आम्ही दोघंच. मी खुर्ची बाजेजवळ ओढली आणि सुरू झालो, "बाबा, शरीर थकतं, मनाला थकू द्यायचं नाही..."

त्यांनी हात वर केला. "हे लोकायले सांगत जाय. मले काऊन सांगून राह्यला?" दम घेऊन म्हणाले, "तू कसा आहे, थे सांग."

"मी मस्त आहे, बाबा."

"मस्त म्हंजे काय बे?"

त्यांना सांगावं असं खरंच वाटत होतं. सांगायला काही सापडेना. व्याख्यानातली पुढची वाक्यं तेवढी ओठांवर येत होती. लहानपणीची आमची बोलीही येईना. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे. पानी दे."

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. पोळ्याच्या आधीच ते गेले.

तेराव्याला गावकऱ्यांनी मला बोलायला उभं केलं. मी चांगला बोललो. बाया पदराला डोळे पुसत होत्या. भाऊ तर ओक्साबोक्शी रडला. त्याच्याकडे बघताना माझ्या मनात आलं, मघाशी थांबलो ती जागा बरोबर होती.

नंतर भावानं माझे हात धरले. "माह्या मनातलं बोलला तू."

मी मान हलवली. मंडपाबाहेर एक मुख्याध्यापक उभे होते. म्हणाले, "सर, वडिलांवरचं हेच आमच्या मुलांसमोर होऊ द्या."

मी त्यांना तारीख दिली. हल्ली त्याच व्याख्यानाला सगळ्यात जास्त बोलावणी येतात.