पट्टा पडेपर्यंत
कापराचा वास आला की खर्डा गावचा बाजार आठवतो. टेम्पोवरच्या भोंग्यातून एक ठग ‘म्हातारपण थांबवा’ म्हणत कापराची भुकटी विकत होता आणि मी पत्रकं वाटत ओरडत होतो, “अमर कुणी होत नाही, ही लूट आहे!” पुडी घेणारी म्हातारी हसली. “अमर कुनाला व्हायचंय रं लेकरा? समदी वस्ती ऊसतोडीला गेलीय, बोलायला नुसती शेळी हाय. कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं की पोरं येत्याल, तवर टिकायचंय. तुज्या कागदात हाय का त्याचं औशद?” मी पत्रक तिच्या हातात दिलं. फाटकी पुडी तिनं त्यातच बांधली. यंदा पट्टा पडल्यावर मुद्दाम गेलो. बाजार भरला होता, टेम्पोही निर्लज्जासारखा तिथंच होता. ती दिसली नाही. पत्रकं हातातच राहिली.