भाकर गार व्हायच्या आत

“शिक्षण काय कुठं पळून चाललं? भाकर गार होऊन राह्यली.”

हे वाक्य मी माझ्याच ओट्यावर इतक्या वेळा ऐकलं, की म्हणणाऱ्याने तोंड उघडलं तरी मला पुढचं पाठ असायचं. गृहस्थ हसनाबादकडचा, चांगला बागायतदार. पांढरी टोपी, गुडघ्यावर फडक्यात बांधलेला डबा, आणि चेहऱ्यावर आपण जगावेगळं काहीतरी करतो आहोत असा भाव.

जालन्यात घराच्या मागच्या दोन खोल्या मी कॉलेजच्या मुलींना भाड्याने देते. त्यामुळे बाप मी पुष्कळ पाहिलेत. गादी, बादली आणि उपदेश टाकून जाणारे, दिवाळीला न्यायला येणारे, फोनवर ओरडणारे. हा मात्र रोज यायचा. तुम्हाला खोटं वाटेल, पण कपाशी वेचणीला आली तरी शेत भावाच्या गळ्यात घालून हा सकाळच्या एस.टी.त बसायचा.

आपल्याकडे गावाहून डबा कंडक्टरच्या हाती पाठवतात. निम्मा जिल्हा त्या डब्यावरच शिकला. मी त्याला तसं सुचवून पाहिलं.

“कंडक्टर काय समोर बसून खाऊ घालतो का?” म्हणाला.

म्हणजे डबा पोचवणं हे कामच नव्हतं. घास पोटात गेलेला त्याला डोळ्यांनी बघायचा होता. लेक बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, मतदान करायच्या वयाची, आणि हा बाप्या माझ्या ओट्यावर ताट मागवून तिच्यासोबत त्याच ताटात जेवणार. लहानपणापासून आमचं एकच ताट आहे, हे वर कौतुकाने सांगणार. मिशा पिकल्या तरी लाज नाही, असं मी स्वयंपाकघरात म्हणायची, आणि त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणायची.

जेवला तर जेवला, माझं काय जात होतं? पण त्याची बस यायची नेमकी प्रॅक्टिकलच्या वेळेला. दुसऱ्या मुली पांढरे कोट घालून निघाल्या, की ही ओट्यावर भाकरीचा तुकडा मोडत बसलेली. प्रॅक्टिकल सुटल्यावर मुली कॅन्टीनला जायच्या, तिथे ओळखी व्हायच्या, वह्यांची देवाणघेवाण व्हायची. ही त्यात कुठेच नाही. दिवाळी उलटली तरी तिला एक मैत्रीण नव्हती. डब्यावरून मुलींनी तिचं नाव ‘ठेचा’ ठेवलं होतं. एकदा प्रयोगशाळा कोणत्या मजल्यावर आहे, हे तिने मला विचारलं. मी कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नाही.

आता ह्यातली खरी गंमत ऐका. पोरीला शिकायला ठेवताना ह्याच माणसाने अट घातली होती, की पहिल्या वर्षाला पास झाली तर पुढे, नापास झाली तर घरी, आणि मग आलेल्या स्थळांपैकी एकाला होकार. ही अट तो मला अभिमानाने सांगायचा. आणि त्याच तोंडाने रोज तिला प्रॅक्टिकल बुडवायला लावायचा. स्वतःच कुंपण घालायचं आणि स्वतःच शेत खायचं. पोरगी बोलणार तरी काय? बापाला दुखवलं तर तो आजच घरी नेईल, नाही दुखवलं तर वर्ष संपल्यावर.

मी सांगून पाहिलं, पाहुणे, बस तरी दुपारची धरा. तर दुपारपर्यंत लेकरू उपाशी राहील म्हणाला. वाटेवर पोह्यांच्या गाड्या आहेत म्हटलं, तर मी विष सुचवल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं.

मग थंडीत एकदा कॉलेजच्या सरांनी तिला स्पष्ट सांगितलं, मागचं सोडून देतो, पण आता एक जरी गैरहजेरी पडली तर परीक्षेला बसू देणार नाही. दुसऱ्या दिवशी बाप आला, फडकं सोडलं, ताट मागितलं. पोरगी बाहेर आली ती अंगात पांढरा कोट घालूनच. बसली नाही.

“अण्णा, उद्यापासून येऊ नका,” ती म्हणाली. “तुम्ही इथं मला जेवू घालता अन् तिथं मी गैरहजर लागते. नापास झाले तर तुम्हीच घरी नेणार. मंग मला इथं ठेवलं तरी कशाला?”

त्याने तुकडा मोडून पुढे केला. “एक घास तर खा.”

“न्हाई.”

आणि गेली. कोपऱ्यापर्यंत चालत गेली, पुढे पळाली.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी दारात उभी राहून विचारलंही, आता तरी कळलं का पाहुणे?

“कळत तर पहिल्या दिवसापासून होतं, ताई,” तो म्हणाला. हातातला तुकडा तसाच होता. “ती इकडं आली तसा घरी मला घास उतरत न्हाई. आता त्याला काय करू?”

मला त्याची कीव आली, आणि कीव आली ह्याचा जास्त राग आला. आपल्या घशाखाली घास उतरावा म्हणून लेकीचं वर्ष बुडवत होता हा माणूस, तेही कळून सवरून. त्याने फडक्याची गाठ मारली, मला रामराम केला आणि उपाशीच स्टॅन्डकडे गेला. पुन्हा ओट्यावर आला नाही. डबा मात्र कंडक्टरकडून येत राहिला. पोरगी प्रॅक्टिकल आटोपून तो घेऊन यायची आणि चार मुलींत बसून खायची.

ती पास झाली. उन्हाळ्यात तिच्या चुलत भावाच्या लग्नाला मी त्यांच्या गावी गेले. पंगत बसली, वाढून झालं, सगळे जेवू लागले. हा समोरच्या रांगेत होता. पत्रावळीतलं वरण ओघळून चाललं, तरी ह्याचा हात भाताला लागेना. मान वर करून बायकांच्या पंगतीत बघत होता. कॉलेजातल्या मैत्रिणींत बसलेली लेक हसता हसता जेवत होती. तिचं लक्ष नव्हतं. तिने घास तोंडात घातलेला ह्याने पाहिला.

मग मान खाली घालून तो भात कालवू लागला.