कुसुम सिस्टरचं नाव

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

नायगावात आम्ही एक छोटं संग्रहालय केलं. कोरोनात रुग्णांची सेवा करता करता जे गेले — नर्स, वॉर्डबॉय, आया — त्यांचे फोटो, वापरातल्या वस्तू, आणि एका भिंतीवर नावं. नावं तपासायचं काम माझ्याकडे आलं. लातूरला क्लासेसमध्ये वीस वर्षं जीवशास्त्र शिकवून आलेला माणूस. माझ्या शब्दावर कोण शंका घेणार?

यादीत कुसुम सिस्टर होत्या.

भूकंपात आमचं घर बसलं तेव्हा मी कॉलेजात होतो. धाकट्या भावाला, बाळूला, ढिगाऱ्यातून काढून तंबूतल्या दवाखान्यात नेलं. त्याला सलाईन लावलं होतं. कुसुम सिस्टर आल्या, त्याचे डोळे पाहिले, अन् ती बाटली काढून शेजारच्या पोरीला लावली. मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, “ह्यो न्हाई राहायचा. ती राहील.”

बाळू शुद्धीवर होता. त्यानं ऐकलं. दुपारी गेला — तोवर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

पोरगी वाचली. म्हणजे सिस्टरचं बरोबर होतं. हे मला तेव्हाही कळलं होतं. पण त्याच्यासमोर म्हणायची काय गरज होती?

त्यांची मुलगी वैशाली माझ्याच क्लासची विद्यार्थिनी. आईचा फोटो आणि कोविड वॉर्डातल्या ड्युटीचा कागद तिनं विश्वासानं माझ्या हातात दिला. मी समितीला सांगितलं — बाई रजेवर होत्या, कुणाच्या तरी लग्नात लागण झाली. कागद कपाटात टाकला. रागाच्या भरात? नाही. दोन दिवस विचार करून.

उद्घाटनाला वैशाली आली. भिंत वरून खाली दोनदा वाचली. मग माझ्याकडे आली.

“आईचं नाव शोधायलेय, सर. दिसत न्हाई.”

मी म्हणालो, “लागण झाली तेव्हा तुझी आई ड्युटीवर नव्हती, वैशाली. तू दिलेला कागद त्याआधीचा. रेकॉर्ड तसंच सांगतं.”

ती भांडेल असं वाटलं होतं. तयारीत होतो मी. ती एवढंच म्हणाली, “तुम्ही बघितलंय म्हणजे तसंच असंल, सर.”

वाकून माझ्या पाया पडली आणि बसस्टँडकडे निघाली. मी दारात उभा राहून पाहत होतो. आणि मला — खरं सांगतो — फार बरं वाटलं.