गाताना बहिरा होणारा पक्षी

मुलीच्या वर्गात प्रेझेंटेशनसाठी प्रत्येकाला एकेक पक्षी वाटून दिला होता. कुणाला ससाणा, कुणाला फ्लेमिंगो. आमच्या वाट्याला आला कॅपरकेली. हा कोण बाई? फोटो बघून मी म्हटलं, "रानकोंबडाच दिसतोय." तर ही म्हणते, "आई, प्लीज. इट्स अ ग्राउस." घ्या! वाळवंटातल्या अजमानच्या दोन खोल्यांत एसी लावून आम्ही बर्फाळ जंगलातल्या पक्ष्याचा संसार अभ्यासायला बसलो.

प्रेझेंटेशन तिचं, पण वेड लागलं मला. ऑफिसात लंच ब्रेकमध्येसुद्धा त्याचेच व्हिडिओ. नर टर्कीएवढा, काळा, छातीवर हिरवी झाक, डोळ्यांवर लालभडक भुवया. मादी तपकिरी, निम्म्या अंगाची, आणि पिल्लं सगळी तिच्याच गळ्यात. हिवाळाभर हा पठ्ठ्या पाइनच्या सुया खाऊन राहतो आणि त्या पचाव्यात म्हणून खडे गिळतो. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून त्याच्या बोटांना कंगव्याच्या दातांसारखी झालर फुटते, थंडी सरली की गळून पडते. कुणी शिकवलं असेल हे?

पण खरी गंमत त्याच्या गाण्यात. वसंतात, उजाडता उजाडता, शेपटीचा पंखा उभारून हा माद्यांसमोर सुरू होतो. आधी बारीक टिकटिक, मग ती भराभर, मग बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज, आणि शेवटी विळीला धार लावल्यासारखी खसखस. त्या खसखशीत त्याला स्वतःला काही ऐकूच येत नाही. शिकारी तेवढ्यातच पाऊल पुढे टाकायचे म्हणे.

"म्हणजे फोनवर गावाशी बोलणारे बाबा," मी म्हटलं. लेक खो खो हसली.

बाबा म्हणजे आमचे हे. आठवडाभर दूर मुसफ्फाच्या कामगार कॅम्पात, शनिवारी संध्याकाळी घरी. स्टीलच्या सांगाड्यांचे बोल्ट तपासायचं यांचं काम. हातोडीचा हलका टोला मारायचा. खणखणीत वाजला तर घट्ट, बद्द वाजला तर सैल. फोरमनचा यांच्या कानावर भारी विश्वास. रविवारी सकाळी बाल्कनीत चहा घेताना इमारतीमागच्या झुडपातला तितर ओरडला, की "बोल रे बाबा!" म्हणून दाद द्यायचे. अलीकडे ते बंद झालं होतं. "बांधकाम निघालं ना, तितरं गेली वाटतं," म्हणाले होते. मला तर तो बाकी दिवस रोज ऐकू यायचा; रविवारी मी स्वयंपाकघरात. वाटलं, रविवारी सुट्टी घेत असेल मेला.

त्या रविवारी लेकीने बाबांसमोर रंगीत तालीम केली. बाल्कनीतल्या स्टुलावर फोन ठेवून गाणं लावलं. टिकटिक सुरू झाली. हे कप हातात धरून बसून राहिले.

"लाव ना गं."

"बाबा, इट्स प्लेइंग."

"म्यूटवर असेल. यल्ला, चल, नीट बघ."

आवाज फुल होता. बूच उडालं तेव्हा म्हणाले, "हं, आता लागलं." तेवढ्यात खाली झुडपात तितर ओरडायला लागला, चांगला गळा काढून. यांनी मानही वळवली नाही.

"अहो, तितर ओरडतोय."

"कुठे?"

लेकीने खाली झुडपाकडे बोट दाखवलं. यांनी कप खाली ठेवला.

"ग्राइंडरजवळ कानात घालायला प्लग देतात," ते म्हणाले. "पण ते घातले की टोला नीट ऐकू येत नाही. म्हणून मी काढून ठेवतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. टोला हाताला कळतो अजून."

"आणि नाही कळला तर? त्या सांगाड्याखाली माणसं असतात ना!" मला इतका राग आला, इतकी भीती वाटली, की आवाज चढलाच. "उद्या फोरमनला सांगायचं, आणि कानाच्या डॉक्टरकडे जायचं. खलास."

एरवी साध्या भाजीवरून वाद घालणाऱ्या माणसाने नुसती होकाराची मान हलवली. मग लेकीकडे वळून विचारलं, "तो गाताना बहिरा होतो म्हणालीस. नंतर त्याला परत ऐकू येतं ना?"

"येतं, बाबा," ती म्हणाली, चक्क मराठीत. "त्याला लगेच येतं."