सगुणाबाईच्या वाडीतली राख

सगुणाबाईची बकरी भिंतीला डोकं टेकून उभी होती अन् करकरा दात खात होती. एक आधीच मेली होती, ही दुसरी. ढोरांच्या डॉक्टरनं सांगितलं, "पोटात विष गेलंय. कशाचं, ते तुम्ही शोधा."

मला शोधावं लागलं नाही. मी गोंदियाला शिशाच्या भट्टीवर मिस्त्री होतो. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या प्लेटा वितळवायच्या, शिशाच्या लाद्या ओतायच्या, हे आमचं काम. आमच्या गाडीचा बैल एकदा त्या प्लेटा चाटत राहिला आणि असाच भिंतीला डोकं लावून मेला. शाळा मी दुसरीपर्यंतच पाहिली, पण शिसं मला कोणी शिकवायला नको.

सगुणाबाई कारखान्यामागं भाजी लावायची. आमच्याकडे किडीसाठी भाजीवर चुलीची राख उधळतात. तिची चूल लहान, भाजीची वाडी मोठी. म्हणून ती आमच्या भट्टीची राख टोपल्यांनी न्यायची. त्या राखेत शिशाची भुकटी असते. बकऱ्यांनी त्याच वाडीतला पालक खाल्ला होता, आणि उद्या बाजार होता.

"सगुणाबाई, सारी भाजी उपट. विकू नको, पोरायले देऊ नको."

"काऊन? माह्या सासूनं जन्मभर राखच टाकली."

"तिनं चुलीची टाकली. ही शिशाची हाये."

"मंग धुऊन विकतो."

"अन् मातीले कशी धुशील?"

ती खालीच बसली. "मंग मी खाऊ काय, मिस्त्रीभाऊ? तुमचं शिसं?"

मी तसाच भट्टीच्या मालकाकडे, शेठकडे गेलो. शेठची बोडीकाठची जागा, म्हणजे लहान तलावाच्या कडेची, पडीकच होती. ती बाईला द्या, म्हणालो.

"मिस्त्री, तुम्हारा क्या जाता है? राख फुकट उचलून नेते, आपली जागा साफ होते."

"मंग उद्या भट्टी तुमीच पेटवा."

शेठ हसला. सकाळी मी थंड भट्टीसमोर हात बांधून बसलो. बाकीचे गडीही बसले. बाजाराला न जाता सगुणाबाई रिकामं टोपलं घेऊन आली आणि आमच्यात बसली. संध्याकाळी मालाचा ट्रक रिकामा परत गेला, तेव्हा शेठला बोडी आठवली.

पालक आम्ही खड्डा करून पुरला. दुसरी बकरीही गेली.

बोडीकाठी वांगी लागली तेव्हा बाई टोपलं घेऊन आली. वर मूठभर राख.

"घ्या. चुलीची हाये. चाटून पाहा."

मी हसलो, पण वांगं पुसूनच घेतलं.

जुन्या वाडीत मी पुढं कोणाला काही लावू दिलं नाही. शिसं भट्टीत लवकर वितळतं. मातीत गेलं की माणसापेक्षा जास्त टिकतं.